पाण्याखाली हवा संपली तर?

प्रश्न : स्कूबा डायव्हिंगचा पहिला कोर्स नुकताच झाला. १५-१८ मीटर खोलीवर हवा अचानक संपली आणि जोडीदार लांब असला, तर दम रोखून झटकन वर यावं का?

उत्तर : वर या, पण दम अजिबात रोखू नका. १० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथला भरलेला श्वास कोंडून वर आलात तर ती हवा दुप्पट जागा मागते. फुप्फुस फाटलं तर बुडबुडे रक्तावाटे मेंदूपर्यंत जाऊ शकतात. त्याला दीड-दोन मीटरची चढणही पुरते.

जोडीदार जवळ असता तर त्याचा जादा रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा श्वासात घेण्यासाठी तोंडात धरायचं साधन) घेऊन, मिनिटाला ९ मीटरच्या आतल्या वेगानं दोघांनी वर यायचं. एकटे असाल तर रेग्युलेटर तोंडातच ठेवा, मान वर करा आणि ‘आऽऽ’ म्हणत, सतत हवा सोडत पोहत या. बाहेरचा दाब घटतो तसा संपलेल्या वाटणाऱ्या सिलिंडरमधून एखाददुसरा श्वास मिळतोही. तरंगायला मदत करणाऱ्या जॅकेटमधली फुगणारी हवा सोडत राहा. पृष्ठभागावर जॅकेट तोंडानं फुगवा (फुगवायचं बटण कामाचं नाही, सिलिंडर रिकामा आहे) आणि खाली जाण्यासाठी बांधलेली वजनं टाकून द्या. नंतर मुंग्या, सांधेदुखी, चक्कर जाणवली तर आडवं झोपून शुद्ध ऑक्सिजन घ्या, लगेच डॉक्टर गाठा.

राहिलं ‘अचानक’. बहुतेकदा हवा अचानक संपत नाही, सिलिंडरमधला दाब दाखवणाऱ्या काट्याकडे बघायचं राहतं. उडी मारण्याआधी काट्यावर नजर ठेवून चार श्वास घ्या. दर श्वासाला काटा खाली झुकत असेल तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह अर्धवटच उघडलेला आहे.