आधी मीटर बघ

नौपाडा, ठाणे

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. बाबा लोकलने घामाघूम होऊन घणसोलीला पोचतात, आल्या आल्या एसी १८ वर लावतात आणि तू रिमोट हिसकावून घेतेस. परवा त्यावरून घरात मोठं भांडण झालं, हे वाचून वाईट वाटलं. हवामानासाठी घरातली वीज वाचवायची तुझी तळमळ खरी आहे, म्हणूनच ती ओरडण्यात वाया जाऊ नये असं मला वाटतं.

हवामान बदलतंय हे तुझ्या घरी सगळ्यांना कळतं. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हाचे हाल आमची पिढी विसरलेली नाही. पण बटण दाबताना कोळसा दिसत नाही. चंद्रपूर, कोराडीच्या वीजकेंद्रांच्या चिमण्या आपल्या खिडकीतून फार लांब आहेत. म्हणून आधी मीटर दाखव.

रविवारी सकाळी आईबाबांना जिन्याखाली मीटरजवळ ने आणि भावाला वर गीझर लावायला सांग. मीटरवरचा लाल दिवा एरवी सावकाश लुकलुकतो, तो एकदम भराभर लुकलुकायला लागेल. आमच्याकडे हे केलं तेव्हा ही बराच वेळ बघत उभी राहिली. दुसऱ्या दिवसापासून गीझर आंघोळीच्या दहा मिनिटं आधी लागू लागला. मी एक शब्दही बोललो नव्हतो.

दोन हजार वॅटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट. आपल्या देशातल्या विजेचा सरासरी हिशोब धरला तर एका युनिटमागे साधारण ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. तू ज्या मोबाइल चार्जरवरून भावाला बोलतेस, तो नुसता खोचलेला राहिला तर महिन्यात अर्धं युनिटही जळत नाही. त्यावरून वाद घालू नकोस. जुना पंखा ७५ वॅट घेतो, कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा बीएलडीसी पंखा ३०च्या आसपास. दिवसाला पंधरा तास चालणारा एक पंखा बदललास तरी महिन्याला वीस युनिटं वाचतात. दिवाळीला कपड्यांऐवजी पंखा माग.

एक गोष्ट मनावर दगड ठेवून लिहितो. एका मे महिन्यात मी माझ्या आईच्या खोलीतला पंखा ती झोपली की बंद करायचो. आपल्याकडची हवा दमट, घाम वाळतच नाही, म्हाताऱ्या माणसाचं शरीर थंड होत नाही. तिसऱ्या दिवशी तिला भोवळ आली. तेव्हापासून माझा नियम आहे: लहान मूल, म्हातारं आणि आजारी माणूस यांच्या वाऱ्याला हात लावायचा नाही.

बाबांशीही तसंच वाग. त्यांना गारवा हवाय, १८ हा आकडा नकोय. ते यायच्या आधी दुपारभर तापलेल्या पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा लाव, एसी २४ वर ठेव आणि सोबत पंखा मध्यम वेगात सोड. सरकारने १ जानेवारी २०२०पासून नव्या एसीला सुरुवातीचं तापमान २४ ठरवून दिलं ते उगाच नाही. एकेक अंश वर नेला की साधारण सहा टक्के वीज वाचते. आठवडाभर करून बघा म्हणावं, नाही जमलं तर रिमोट त्यांच्या हातात परत.

आणि आजीला विसरू नकोस. कुकरची शिटी झाली की गॅस बंद करून ती भात वाफेवर मुरू देते, फ्रिजचं दार उघडून विचार करत उभी राहत नाही. तिच्या तोंडी कार्बन हा शब्द कधी आला नाही, पण तू ज्या सवयी लावायला निघालीस त्यातल्या निम्म्या तिच्या हातात आहेत. तिच्याकडून शीक, आईसमोर तिचं नाव घे. घरात तुझी बाजू एकटीची राहणार नाही.

सोसायटीच्या लिफ्ट-पंपासाठी गच्चीवर सौर पॅनेल बसवायचा विषय पुढच्या पत्रात. सध्या एकच काम कर: एक तारखेला सकाळी मीटरचं रीडिंग लिहून मला पाठव.

तुझा,
काका