ली नदीची पहिली सफर: एवढं सांभाळा

चीनमधल्या ली नदीवरचा गुइलिन ते यांगशुओ हा बोटीचा प्रवास पहिल्यांदा करताय, तर मनापासून सांगतो, अजिबात घाबरू नका. गाइड सोबत असला की बरंचसं सोपं होतं.

मूळ पासपोर्ट जवळ ठेवा. तिकीट नावावर असतं, धक्क्यावर तपासणी होते. धक्का शहराबाहेर आहे, त्यामुळे सकाळी लवकर निघावं लागतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे खिडकीची जागा मिळाली म्हणून आतच बसून राहणं. सुमारे चार तासांचा प्रवास आहे, वरच्या डेकवर जा! यांगदी ते शिंगपिंग हा टप्पा तर अजिबात चुकवू नका. चुनखडी लाखो वर्षं पाण्यात विरघळत गेली आणि उरले ते नदीकाठचे हे डोंगरसुळके. २० युआनच्या नोटेमागचं दृश्य शिंगपिंगजवळचंच. नोट आधीच हाताशी ठेवा, ताडून बघताना फार आनंद होतो.

दुसरी चूक: ढग दिसले की हिरमुसणं. धुक्यात हे डोंगर जास्त देखणे दिसतात. रेनकोट मात्र घ्या.

बोट यांगशुओलाच सोडते. परतीची बस सहलीत आहे का, हे बुकिंग करतानाच विचारा.