एमजीबीचा (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) ब्रीदर होज, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर नेणारी नळी, थेट इनलेट मॅनिफोल्डला (सिलिंडरांना हवा-पेट्रोल पुरवणाऱ्या नळ्यांना) जोडला तर चालेल का?

नाही, थेट अजिबात जोडू नका. आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन मंद चालू) मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम खूप असतो. मधे झडप नसेल तर तो क्रँककेसमधून (इंजिनाच्या तळाच्या पोकळीतून) तेल ओढतो, हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ होतं आणि गाडी आयडलला नीट टिकत नाही. 1964 ते 1968 च्या एमजीबीत याचसाठी मॅनिफोल्डवर स्मिथ्स कंपनीची गोल डायफ्रॅमवाली (लवचिक पडद्याची) झडप असते. इंजिनाच्या बाजूच्या टॅपेट कव्हरवरून निघालेला होज तिला जोडायचा.

होज तेलाला टिकणारा, नायट्रिल रबराचा, जाड भिंतीचा घ्या. हीटरचा होज उरलाय म्हणून तो लावू नका, तेलाने तो फुगून मऊ पडतो आणि व्हॅक्यूमने चेपतो. तेल भरायचं झाकण फिल्टरवालं, हवा आत घेणारंच हवं. बंद झाकण लावलं तर ताजी हवा येणार कुठून?

मग इंजिन गरम करून आयडलला ठेवा आणि ते झाकण काढा. वेग किंचित वाढला तर झडप ठीक आहे. काहीच फरक पडला नाही, तर झडप उघडून डायफ्रॅम फाटलाय का ते आधी पाहा. कार्ब्युरेटर ट्यूनिंग त्यानंतरच.