‘अपेरितीव्हो’, ‘लिक्युअर’ आणि मराठीतली कृती

प्रश्न असा आला आहे: संत्र्या-लिंबाच्या लिक्युअरपासून होणाऱ्या इटालियन अपेरितीव्हो कॉकटेलच्या कृती मी मराठीत लिहिते आहे. अपेरितीव्होला ‘क्षुधावर्धक पेय’ म्हणावं का? आणि लिक्युअरला ‘मद्यार्क’ चालेल का?

माझं मत विचाराल तर दोन्ही नकोत. नावं इटलीची आहेत, ती तशीच राहू द्या. मराठीपण दाखवायची जागा क्रियापदांत आणि चवींच्या शब्दांत आहे.

आधी अपेरितीव्हो. लॅटिनमध्ये ‘आपेरिरे’ म्हणजे उघडणे. जुन्या युरोपीय वैद्यकात शरीरातले मार्ग मोकळे करणाऱ्या औषधाला हे विशेषण लावत, आणि पुढे भूक मोकळी करणाऱ्या पेयाला ते चिकटलं. तूरीनमध्ये आंतोनियो बेनेदेत्तो कार्पानो यांनी १७८६ साली व्हर्मूथ (वनौषधी मुरवलेली वाइन) विकायला काढलं, पुढे मिलानला स्थायिक झालेल्या गास्पारे कांपारी यांचं लाल, कडू लिक्युअर १८६० चं. या शहरांच्या कॅफेंमधून शब्दाचा अर्थ फुगत गेला. आज मिलानमध्ये कुणी ‘अपेरितीव्होला भेटू’ म्हणालं, तर त्यात कामावरून सुटल्यानंतरची आणि जेवणाआधीची वेळ येते, सोबत येते, ऑलिव्ह आणि खारे दाणे येतात, आणि पेयही येतं. ‘क्षुधावर्धकाला भेटू’ असं कुणी म्हणेल का? तो शब्द टॉनिकच्या बाटलीवरच शोभतो.

अर्थ समजावून सांगायला मात्र आपल्याकडे फार नेमका शब्द आहे: दीपन. आयुर्वेदात दीपन आणि पाचन हे वेगळे धरतात. जे अग्नी (पचनशक्ती) पेटवतं पण आम (न पचलेलं अन्न) पचवत नाही ते दीपन, आणि जे आम पचवतं पण अग्नी पेटवत नाही ते पाचन. शार्ङ्गधर संहितेत पहिल्याचं उदाहरण बडीशेप, दुसऱ्याचं नागकेशर, आणि दोन्ही कामं करणारी वनस्पती चित्रक. इटालियन माणूस जेवणाआधी ‘अपेरितीव्हो’ आणि जेवणानंतर ‘दिजेस्तीव्हो’ घेतो, ती विभागणी याच धाटणीची आहे. म्हणून कृतीच्या प्रस्तावनेत एक वाक्य लिहा, ‘अपेरितीव्हो म्हणजे जेवणाआधीचं दीपन पेय’, आणि पुढे सगळीकडे अपेरितीव्होच म्हणा.

या पेयांत कडूपणा का असतो, हेही तिथेच उलगडतं. चरकसंहितेत तिक्त, म्हणजे कडू, रसाबद्दल म्हटलं आहे की तो स्वतः रुचकर नसला तरी अरुची घालवतो. कांपारी आणि त्याच्याहून सौम्य असलेलं आपेरोल, या लिक्युअरांचा सगळा डाव या एका वाक्यात मावतो. आपेरोलमध्ये संत्र्याच्या जोडीला जेन्शियनचं मूळ असतं, आणि जेन्शियन हे आपल्या काडेचिराईताच्या कुळातलंच झाड. संस्कृतात ‘कटु’ म्हणजे तिखट आणि कडू चवीला ‘तिक्त’. मराठीत येता येता कटुचा ‘कडू’ झाला आणि त्याने तिक्ताची जागा घेतली. त्यामुळे जुने ग्रंथ वाचताना ‘कटु’ दिसला की मिरी-सुंठ आठवायची, कारलं नाही.

चवीचे शब्द निवडताना ‘कडू’वर थांबू नका. कांपारी कडू आहे, आपेरोल कडसर आहे. ‘कडसर’ हा आपला सुंदर शब्द हल्ली फारसा ऐकू येत नाही, तो इथे चपखल बसतो.

आता लिक्युअर. इंग्रजीतले लिकर आणि लिक्युअर हे दोन वेगळे शब्द मराठीत एकाच ‘लिकर’मध्ये कोंबले जातात आणि सगळा घोटाळा तिथून सुरू होतो. पहिला म्हणजे कुठलीही कडक दारू. दुसरा म्हणजे फळं, साली, मुळ्या मद्यार्कात मुरवून गोड केलेलं मद्य. युरोपीय संघाच्या नियमानुसार साधारणपणे लिटरमागे किमान १०० ग्रॅम साखर आणि किमान १५ टक्के अल्कोहोल असल्याशिवाय त्याला लिक्युअर म्हणता येत नाही. ‘मद्यार्क’ हा कच्चा माल झाला. लिमोंचेल्लोची कृती लिहाल तेव्हा तो शब्द योग्य जागी येईल: लिंबाच्या साली मद्यार्कात मुरत ठेवा, मग गाळून साखरेच्या पाकात मिसळा. तयार होतं ते लिक्युअर.

त्याच कृतीत ‘साल काढा’ एवढंच लिहू नका. सोरेन्तो आणि अमाल्फीकडच्या जाड सालीच्या लिंबांचा फक्त वरचा पिवळा पापुद्रा घेतात. आतला पांढरा थर आला की लिक्युअरमध्ये नको असलेला कडवटपणा उतरतो. ‘वरचा पिवळा पापुद्रा, पांढरं न घेता’ असं लिहिलं की वाचणाऱ्याचा हात बरोबर चालतो.

लिमोंचेल्लो मुळात जेवणानंतर थंडगार घेतात, म्हणजे दिजेस्तीव्हो. पण तेच प्रोसेक्को (इटलीची फसफसणारी वाइन) आणि सोड्यात घातलं की त्याचं स्प्रित्झ नावाचं कॉकटेल होतं आणि ते जेवणाआधी चालतं. म्हणजे अपेरितीव्हो हा बाटलीचा गुण नाही, प्यायच्या वेळेचा आणि पद्धतीचा आहे. भाषांतर न करण्याचं माझ्या दृष्टीने हेच सर्वांत पक्कं कारण.

क्रियापदांकडे येऊ. आपेरोल स्प्रित्झचं प्रचलित प्रमाण असं: बर्फ घातलेल्या मोठ्या ग्लासात ९० मिली प्रोसेक्को, ६० मिली आपेरोल आणि वरून थोडा सोडा. या सोड्यासाठी ‘शिडकावा’ लिहा. स्प्रित्झ हा शब्द जर्मन ‘श्प्रित्सेन’वरून आला आहे, त्याचा अर्थच शिंपडणे, उडवणे. व्हेनेतो प्रांत ऑस्ट्रियाच्या ताब्यात होता तेव्हा तिथली वाइन कडक वाटणारे ऑस्ट्रियन तीत पाणी घालत, अशी त्याची हकीकत सांगतात.

‘हलवा’ हे क्रियापद जपून वापरा. आपण भाजी हलवतो ती चमच्याने, आणि औषधाची बाटली हलवतो ती बूच लावून. नेग्रोनी या कॉकटेलमध्ये जिन, कांपारी आणि गोड व्हर्मूथ प्रत्येकी ३० मिली असतं आणि ते चमच्याने फिरवायचं असतं, म्हणून तिथे ‘ढवळा’. झाकण लावून हलवलं तर हवेचे बारीक बुडबुडे शिरून ते गढूळ दिसतं. लिंबाचा रस असलेल्या कॉकटेलसाठी ‘शेकरचं झाकण लावून जोरात हलवा’. शेवटी संत्र्याची साल नुसती ‘लावा’ म्हणू नका. ग्लासावर धरून चिमटा, म्हणजे तिच्यातलं तेल पेयावर उडतं.

नावं परकी वाटून बिचकू नका, त्यातली काही आपल्या नात्यातली आहेत. संस्कृत ‘नारंग’ फारसी-अरबीतून इटलीत ‘अरांचा’ झाला, मराठीत तो ‘नारिंग’ म्हणून राहिला. ‘लिमोने’ अरबी ‘लैमून’ आणि फारसी ‘लीमू’मधून आला, आणि आपलं लिंबू त्याच गोतावळ्यातलं.

लेखनाबद्दल एवढंच: इटालियनमध्ये ‘e’ या अक्षराच्या आधीचा ‘c’ हा ‘च’ होतो, म्हणून लिमोंचेल्लो, ‘लिमोनसेलो’ चूक. जोडाक्षरातला ‘ल्ल’ तिथे खरोखर उच्चारतात, तो ठेवा. लिंग बोलण्यात जसं येतं तसं घ्या: ती वाइन, ते लिक्युअर, ते लिमोंचेल्लो. स्प्रित्झ मी ‘ते’ लिहितो, पण मागवताना ‘एक स्प्रित्झ द्या’ म्हटलं की हा प्रश्नच उरत नाही.