उमेदवारीला बांधलेली पोरं आणि त्यांच्या आयांचा शोध

मागच्या लेखात पूर्वजांचा शोध आणि जुनी जनगणना याबद्दल लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांतली निम्मी एकाच शब्दाशी अडलेली आहेत, तो म्हणजे ‘अप्रेंटिस’. आपल्या आजोबांच्या भाषेत ‘उमेदवारी’. हल्ली उमेदवार म्हटलं की निवडणूकच आठवते, पण सोनाराकडे, छापखान्यात किंवा वकिलाच्या हाताखाली उमेदवारी करणारी माणसं आपल्या घरांतही होऊन गेली. फरक इतकाच की पत्रांतल्या पोरांना घरच्यांनी पाठवलेलं नाही, कोर्टाने बांधून दिलेलं आहे.

प्रश्न : आम्ही नॉर्थ कॅरोलिनात केरीला राहतो. नवरा इथलाच. लेकीच्या शाळेसाठी वंशवृक्ष करताना त्याच्या एका पूर्वजाची वेक काउंटीतली 1819 सालची नोंद मिळाली : ‘ऑर्फन, वय नऊ, टोप्या बनवणाऱ्याकडे एकविसाव्या वर्षापर्यंत बांधला’. आईवडील दोघंही नव्हते, तर आता शोधायचं कुठे?

‘दोघंही नव्हते’ हे आधी डोक्यातून काढून टाका. आपण म्हणतो, माय मरो पण मावशी जगो. त्या कोर्टाचा हिशेब वेगळा होता. बाप गेला की मूल ‘ऑर्फन’, मग आई धडधाकट, त्याच गावात राहणारी का असेना.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण तुमच्या शेजारच्या रालीतलंच आहे. अँड्र्यू जॉन्सन 1808 साली तिथे जन्मला. तो तीन वर्षांचा असताना वडील गेले. आई हयात होती, तिने पुढे दुसरं लग्नही केलं. तरी अँड्र्यू आणि त्याचा मोठा भाऊ विल्यम असे दोघंही जेम्स सेल्बी नावाच्या शिंप्याकडे बांधले गेले. 1824 साली दोघं पळाले. सेल्बीने वर्तमानपत्रात जाहिरात दिली : दोघांना आणून देणाऱ्याला दहा डॉलर, आणि एकट्या अँड्र्यूला आणलं तरी तेच दहा! पोरगा सापडला नाही. पुढे तो अमेरिकेचा सतरावा राष्ट्राध्यक्ष झाला. त्याच्याकडे मी पुन्हा येणार आहे, कारण त्याची गोष्ट इथे संपत नाही.

आता तुमचा कागद. 1868 पर्यंत नॉर्थ कॅरोलिनात ही कामं काउंटीचं ‘कोर्ट ऑफ प्लीज अँड क्वार्टर सेशन्स’ करत असे. नावाप्रमाणेच ते वर्षातून चार वेळा बसायचं. बापाने पुरेशी मालमत्ता ठेवली असेल तर कोर्ट मुलाला पालक नेमून देई आणि त्या उत्पन्नातून त्याचा सांभाळ होई. तेवढं उत्पन्न नसेल तर मूल उमेदवारीला बांधलं जाई. 1762 च्या कायद्याप्रमाणे मुलगा एकविसाव्या वर्षापर्यंत आणि मुलगी अठराव्यापर्यंत, आणि मालकाने लिहावाचायला शिकवायचं. म्हणजे ‘बांधला’ हा एक शब्दच सांगतो, की बाप फारसं काही न ठेवता गेला.

पण फारसं नाही म्हणजे काहीच नाही असं नव्हे. त्याच कोर्टाच्या 1819 च्या आधीच्या दोन-चार वर्षांच्या नोंदी ओळ न ओळ वाचा. मृताच्या मालमत्तेचा व्यवस्थापक कोण नेमला, विधवेला वर्षभराचं धान्य-मीठ काय तोडून दिलं, सामानाचा लिलाव कधी झाला. लिलावाच्या यादीवर मी नेहमी जास्त वेळ घालवतो. त्यात विधवेने स्वतःचाच चरखा नाहीतर स्वतःचंच भांडं पुन्हा विकत घेतलेलं दिसतं, आणि तिथे तिचं नाव मिळतं. पुढे ती नाहीशी झाली तर घाबरू नका. तिने दुसरं लग्न करून आडनाव बदललेलं असण्याची शक्यता मोठी. 1868 पूर्वीचे विवाहाचे बाँड, म्हणजे लेखी हमीचे कागद, त्यासाठी बघायचे.

आणखी एक. तुम्हाला मिळालेली नोंद ही कोर्टाच्या वहीतली एक ओळ आहे. उमेदवारीचा बाँड हा वेगळा कागद असतो. त्यावर मालकाची सही, आणि कधी जामीनदाराची. जामीनदार कोण आहे ते जरूर बघा, मुलाचा काका-मामा त्या जागी निघू शकतो. त्याच दिवशी त्याच आडनावाची आणखी पोरं बांधली गेली का, हेही बघा. भावंडं अशीच वेगवेगळ्या घरी वाटली जात. हे बाँड काउंटीवार लावून रालीच्या राज्य अभिलेखागारात ठेवलेले आहेत. केरीहून जायला किती वेळ लागतो ते मी सांगायला नको. वेक काउंटी 1771 साली जॉन्स्टन, कंबरलँड आणि ऑरेंज यांचे तुकडे जोडून झाली, तेव्हा कुटुंब त्याआधीचं असेल तर या तिघांची दप्तरं चाळावी लागतील.

प्रश्न : आमच्या नोंदीत मुलाला ‘बेसबॉर्न’ म्हटलंय. सासूबाईंना अर्थ कळला तेव्हापासून त्या हा विषयच काढू देत नाहीत.

सासूबाईंना सांगा, वंशावळ शोधणाऱ्याला हा शब्द म्हणजे घबाड असतं. लग्नाबाहेर झालेल्या मुलाचा खर्च काउंटीवर पडू नये, एवढीच तिथल्या न्यायाधीशांना काळजी. म्हणून ते आईला बोलावून बापाचं नाव विचारत आणि त्याच्याकडून पोषणाचा बाँड लिहून घेत. हे ‘बॅस्टर्डी बाँड’ वेगळे बांधून ठेवलेले आहेत. लग्नाच्या संसारातल्या किती बापांची नावं कुठल्याच कागदावर येत नाहीत, आणि इथे बाप सहीनिशी हजर! मात्र काही बायका नाव सांगायला साफ नकार देत. तिथे आपणही थांबायचं, अंदाजाने नाव भरायचं नाही. मूल बहुधा आईचं आडनाव लावतं, तेव्हा शोधही तिच्या माहेरच्या नावाने करा.

प्रश्न : माझा जावई आफ्रिकन अमेरिकन आहे. त्याच्या खापरपणजीला 1866 मध्ये, गुलामगिरी संपल्यावर, ‘अप्रेंटिस’ म्हणून बांधलं असं घरात सांगतात. स्वातंत्र्य मिळाल्यावर हे कसं शक्य आहे?

शक्य होतं, आणि फार मोठ्या प्रमाणावर झालं. मेरिलँडमध्ये 1 नोव्हेंबर 1864 ला गुलामगिरी संपली. दोनच दिवसांनी, 3 नोव्हेंबरला, एलिझाबेथ टर्नर ही लहान मुलगी तिच्या कालपर्यंतच्या मालकाकडेच उमेदवार म्हणून बांधली गेली. गोऱ्या मुलांच्या करारात शिक्षणाची अट असे, तिच्या करारात नव्हती. 1867 साली सरन्यायाधीश सॅमन चेस यांनी बाल्टिमोरला तिला मोकळं केलं. आधार होता गुलामगिरी बंद करणारी तेरावी घटनादुरुस्ती आणि 1866 चा नागरी हक्क कायदा. हा कायदा राष्ट्राध्यक्षांनी नकाराधिकार वापरून अडवला होता आणि काँग्रेसने तो नकार मोडून संमत केला. ते राष्ट्राध्यक्ष म्हणजे सेल्बी शिंप्याकडून पळालेला अँड्र्यू जॉन्सन. स्वतः बांधला गेलेला माणूस! मला हे अजूनही पचत नाही.

नॉर्थ कॅरोलिनातही 1866 च्या कायद्याने अशा मुलांवर जुन्या मालकांचा पहिला हक्क ठेवला. पण 1867 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अँब्रोज भावंडांना सोडवलं, कारण त्यांना कोर्टापुढे हजर न करताच बांधलं होतं. अशा प्रकरणांचे कागद सोन्यासारखे असतात. आईबाप, आजी, मामा सगळे नावानिशी बोलतात.

तुम्ही सुरुवात फ्रीडमेन्स ब्युरोच्या दप्तरापासून करा. गुलामीतून सुटलेल्यांच्या मदतीसाठी अमेरिकेच्या केंद्र सरकारचं हे खातं 1865 ते 1872 या काळात होतं. ‘माझी मुलगी परत द्या’ म्हणून आलेल्या आयांच्या तक्रारी त्यात आहेत. हे कागद फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतात, स्वयंसेवकांनी त्यांची नावांची सूचीही केली आहे. मग 1870 ची जनगणना घ्या. गुलामीतून सुटलेल्या बहुतेकांची नावं देशाच्या जनगणनेत पहिल्यांदा आली ती तेव्हाच. खापरपणजी तिथे मालकाच्या घरात सापडली तर चार घरं वर आणि चार घरं खाली वाचा. आई अनेकदा तिथेच, हाकेच्या अंतरावर राहिलेली असते.

कुटुंब 1865 च्या आधीच स्वतंत्र असेल तर काउंटी कोर्टाचे जुने बाँडही बघा. स्वतंत्र काळ्या आईबापांची मुलं, बाप जिवंत असतानाही, ‘प्रामाणिक उद्योग करत नाहीत’ या सबबीवर बांधता येत होती. 1838 पासून त्यांच्या मालकांवरची लिहावाचायला शिकवण्याची अटही काढून टाकली गेली. म्हणून दोन बाँडांत ‘वाचन’ हा शब्द एकात असणं आणि दुसऱ्यात नसणं हाही एक पुरावाच धरा.

प्रश्न : बांधलेलं मूल मालकाचं आडनाव लावायचं का?

कायद्याने नाही. ती दत्तकविधानं नव्हेत. 1850 च्या जनगणनेत प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव आहे, पण कुटुंबप्रमुखाशी नातं लिहिलेलं नाही, ते 1880 पासून. म्हणून लोहाराच्या घरात वेगळ्या आडनावाचं बारा वर्षांचं पोर दिसलं की त्याला भाचा-पुतण्या ठरवण्याआधी उमेदवारीचे बाँड तपासा.

प्रश्न : मी लेस्टरला असते. ब्रिटनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमधल्या 1710 ते 1811 च्या अप्रेंटिस वह्यांत सासरच्या पूर्वजाचं नावच नाही.

नसणारच. त्या वह्या कराच्या आहेत. मालकाने शिकवायची फी घेतली तर त्यावर कर, त्याची ती नोंद. गरीब म्हणून पॅरिशने, म्हणजे गरिबांना पोसायची जबाबदारी असलेल्या चर्चच्या हद्दीतल्या स्थानिक कारभाराने, बांधलेल्या मुलांवर तो कर नव्हता. 1601 च्या कायद्याने पॅरिशचे अधिकारी दोन न्यायाधीशांच्या संमतीने अशी मुलं बांधत. ते कागद काउंटीच्या अभिलेखागारात, पॅरिशच्या पेटीत शोधा. सोबत ‘सेटलमेंट’चे जबाबही मागा. गरिबाला पोसायचं कोणत्या पॅरिशने यावरून भांडणं होत, आणि त्यात माणूस कुठे जन्मलो, कुणाकडे उमेदवारी केली, हे सगळं शपथेवर सांगतो. अर्ध्या पानाचं आत्मचरित्रच ते.

प्रश्न : पणजोबा ‘मुंबईत सरकारी शाळेत सुतारकाम शिकले, मॅजिस्ट्रेटने पाठवलं होतं’ असं आत्या सांगते. आपल्याकडेही असले कागद असतात का?

असतात. 1850 चा एकोणिसावा कायदा हा हिंदुस्थानातला उमेदवारीचा कायदा. दहाच्या वरच्या आणि अठराच्या आतल्या मुलाला बाप किंवा पालक जास्तीत जास्त सात वर्षांसाठी बांधून देऊ शकत असे. मुलगी असेल तर लग्नापर्यंतच. आणि टाकून दिलेल्या, अनाथ किंवा भटकताना, किरकोळ गुन्ह्यात सापडलेल्या मुलाचा पालक म्हणून मॅजिस्ट्रेटच उभा राहू शके. 1857 मध्ये डेव्हिड ससून यांच्या नावाने मुंबईत अशा मुलांसाठी संस्था निघाली, आज ती माहीमला आहे. पुढे 1876 मध्ये रिफॉर्मेटरी शाळांचा वेगळा कायदा आला, त्यामुळे पणजोबांचं साल कळल्याशिवाय कोणत्या दप्तरात हात घालायचा ते ठरणार नाही.

मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारात न्याय खात्याच्या वार्षिक खंडांपासून सुरुवात करा. त्यांची सूची इंग्रजीत आहे. खालच्या कचेऱ्यांतले कागद मोडीत निघाले तर वाचणारा सोबत न्या, मोबाइलवर फोटो काढून घरी अक्षर लावत बसू नका. आणि जाण्याआधी आत्याला एवढंच विचारा : पणजोबांना मुंबईत पाठवलं तेव्हा त्यांची आई कुठे होती? माझा अनुभव असा, की हा प्रश्न घरात कुणी कधी विचारलेलाच नसतो, आणि उत्तर आत्याला ठाऊक असतं.