चित्राचा दर सांगताना संकोच कशाचा?

आलेले पत्र, थोडक्यात:

"ताई, मी 38 वर्षांची आहे. सोलापूरच्या तेलुगू बोलणाऱ्या पूर्व भागात आई आणि धाकट्या भावाबरोबर राहते. लहानपणी पोलिओ झाला, त्यामुळे कॅलिपर आणि कुबड्यांशिवाय चालता येत नाही. आई विड्या वळते, भाऊ यंत्रमागावर जातो, मी घरी बसून टॉवेलच्या कडा शिवते. पूर्वी एका डिझायनरकडे जेकार्ड (विणीतच नक्षी उमटणाऱ्या) चादरींचे ग्राफ रंगवत होते, ते काम कॉम्प्युटर आल्यावर गेले. आता दिव्यांगांच्या आंदोलनांसाठी फलक आणि चित्रे काढते. संघटनेची मंडळी चित्रे घेऊन जातात, पण मागण्या ठरवताना मला बोलावत नाहीत; 'तू काढ, आम्ही बोलतो,' म्हणतात. एका संस्थेने माझे चित्र नाव न टाकता दिनदर्शिकेवर छापले. दुसऱ्या एका संस्थेने सत्काराला बोलावले, तर सभागृह पहिल्या मजल्यावर. चौघांनी मला खुर्चीसकट उचलून नेले, पदर सावरायलाही हात मोकळा नव्हता. शाल आणि नारळ मिळाला, रिक्षाचे पैसे मीच दिले. आई म्हणते, चित्रांनी पोट भरत नाही. पैसे मागावेत, तर ही आपल्याच माणसांचे दुःख विकते असे लोक म्हणतील. संजय गांधी योजनेचे अनुदान बंद होईल, अशीही भीती वाटते. हल्ली खांदे दुखतात आणि दुपारनंतर ब्रश धरवत नाही. मी चित्रे सोडावीत की चळवळ?"
— एक वाचक, सोलापूर

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र दोनदा वाचल्यावर माझ्या असे लक्षात आले की, शेवटी विचारलेला प्रश्न आणि पत्रातले दुखणे यांचा मेळ बसत नाही. चित्र काढण्याचा तुम्हाला कंटाळा आलेला नाही आणि मोर्च्यात बसण्याचाही नाही. तुमचे काम सर्वांना हवे आहे, त्याची मजुरी मात्र कोणी देत नाही आणि तुमचे मत कोणी विचारत नाही, हे तुमचे दुखणे आहे. त्यावर उपाय म्हणून तुम्ही स्वतःच काहीतरी सोडायला निघाला आहात. माझे मत विचाराल तर दोन्हीपैकी काहीही सोडू नका, फक्त फुकट काम करणे थांबवा.

हजार विड्यांमागे मजुरी किती, यावर सोलापुरात पिढ्यान्‌पिढ्या भांडणे, संप आणि मोर्चे झालेले आहेत. तुमच्या आई ज्या दराने विड्या वळतात, तो दर कोणी प्रेमाने दिलेला नाही. तो मागून, अडून बसून मिळवलेला आहे. टॉवेलचा हिशेब डझनावर होतो. या शहरात हाताने होणाऱ्या जवळजवळ प्रत्येक कामाला दर आहे, आणि तो मागणाऱ्या बाईला कोणी लोभी म्हणत नाही. तुम्ही ग्राफ रंगवत होता, तेव्हाचे आठवून पाहा. कागदावरचा एकेक चौकोन म्हणजे उभ्या आणि आडव्या धाग्याची एकेक भेट. कोणता चौकोन भरायचा आणि कोणता रिकामा सोडायचा, यावर उभा धागा वर राहणार की खाली जाणार हे ठरते, आणि त्याबरहुकूम पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोके पाडली की मोराची मान चादरीवर उमटते. मानेचा बाक चौकोनांच्या पायऱ्या करत चढवावा लागतो, आणि एक चौकोन चुकला तर तीच चूक चादरीवरच्या प्रत्येक मोराला लागते. इतक्या जोखमीचे काम तुम्ही मजुरी घेऊन करत होता. तोच हात, तीच नजर आणि तोच ब्रश आज फलक रंगवतो, तर तो एकाएकी धर्मादाय कसा झाला?

आपल्याच माणसांचे दुःख विकण्याच्या आरोपाची भीती तुम्ही लिहिली आहे. ही भीती मी हलकी मानत नाही, कारण असे बोलणारे लोक निघतात आणि ते बहुधा जवळचेच असतात. परंतु त्या मंडळींना एक विचारावे. फलक छापणारा छापखाना पैसे घेतो, मंडपवाला घेतो, ध्वनिक्षेपकवाला घेतो आणि ज्याच्या टेम्पोतून फलक आंदोलनाच्या ठिकाणी, पूनम गेटपर्यंत जातात तोही घेतो. त्यांपैकी कोणीही चळवळीचा शत्रू ठरत नाही. मग ज्या बाईच्या घरात सर्वांत कमी पैसा आहे, तिनेच तेवढा त्याग का करावा? दुःख विकणे हा शब्दप्रयोग शोभेल तो, दुसऱ्याचे दुःख दाखवून देणग्या गोळा करणाऱ्याला. तुम्ही तर स्वतःच्या आयुष्याबद्दल स्वतःच्या हाताने काढता आहात.

यात एक भेद मात्र जरूर करा. ज्या मोर्च्याच्या मागण्या तुमच्या आहेत, ज्या बैठकीत तुम्हाला मत आहे आणि जिथे सर्वच जण पदरमोड करून येतात, तिथे चित्र फुकट द्यावेसे वाटले तर खुशाल द्या. ती तुमची वर्गणी आहे, आणि वर्गणी किती द्यायची हे देणाऱ्याने ठरवायचे असते. जिथे कार्यक्रमाला अंदाजपत्रक आहे, प्रायोजक आहेत आणि प्रमुख पाहुण्यांना मानधन आहे, तिथे चित्रकाराला मानधन नाही हे चालू देऊ नका. दर काय लावावा, असे तुम्ही विचारले नाही, पण पुढे विचाराल म्हणून सांगते: जितके तास चित्राला लागतात तितक्या तासांत टॉवेल शिवून जे मिळाले असते, त्याच्या खाली तो दर कधीही जाता कामा नये. ही फक्त तळरेघ आहे; कसबाचे पैसे तिच्यावर चढवायचे आहेत. रंग, कागद, रिक्षाचे जाणे-येणे आणि सोबत माणूस लागत असेल तर त्याची मजुरी, हे सर्व वेगळे मांडा. तोंडी सांगताना जीभ अडखळते, म्हणून हे कागदावर लिहून ठेवा आणि कोणी विचारले की तो कागद पुढे करा.

'तू काढ, आम्ही बोलतो' या वाक्याबद्दल मला थोडे कठोर बोलावेसे वाटते. वंचितांच्या संघटनेतही कोणाचे बोलणे ऐकायचे आणि कोणाचे फक्त हात वापरायचे, याची उतरंड असतेच; ज्याचे शिक्षण जास्त आणि ज्याला सभेत मराठी सफाईने बोलता येते, तो आपोआप पुढारी होतो आणि घरी तेलुगू बोलणारी, घरी बसून शिवणकाम करणारी बाई मागच्या रांगेत जाते. तिथे रुसून घरी बसू नका. पुढचे चित्र देण्याआधी शांतपणे अट घाला की, ज्या बैठकीत मागण्या ठरतात त्या बैठकीला मी येणार, ती तळमजल्यावर होणार आणि इतिवृत्तात माझे नाव व म्हणणे येणार. चित्र हवे असेल तर ते हे मान्य करतील. आणि मान्य केले नाही, तर या संघटनेला तुमची कितपत किंमत आहे हे तुम्हाला लवकर कळेल आणि पुढची वर्षे तरी वाचतील.

दिनदर्शिकेच्या बाबतीत कायदा तुमच्या बाजूने बराच स्पष्ट आहे. पैसे न घेता, स्वतःच्या मनाने काढलेल्या चित्राचा स्वामित्वहक्क चित्रकाराकडे असतो, आणि तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखी व सहीनिशी द्यावा लागतो. स्वामित्वहक्क अधिनियम 1957 च्या कलम 57 प्रमाणे तर हक्क दुसऱ्याला दिल्यानंतरही, हे चित्र माझे आहे असे सांगण्याचा अधिकार चित्रकाराकडेच राहतो. पुढे कोणी पैसे देऊन चित्र काढून घेतले, तर मात्र वेगळा करार केला नसल्यास हक्क काम देणाऱ्याकडे जाऊ शकतो. म्हणून मानधन घेताना 'फक्त या कार्यक्रमापुरते, चित्रकाराच्या नावासह' एवढी एक ओळ लिहून त्यावर सही घ्या. त्या संस्थेला आधी साधे पत्र लिहा. दाद मिळाली नाही तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम 1987 च्या कलम 12 नुसार स्त्रिया आणि दिव्यांग व्यक्ती मोफत विधी सहाय्याला पात्र आहेत आणि त्यांना उत्पन्नाची अट नाही. तुम्ही तर दोन्ही कारणांनी पात्र ठरता.

अनुदानाच्या भीतीचे दोन भाग आहेत आणि ते वेगळे ठेवायला हवेत. आंदोलनात भाग घेतला म्हणून अनुदान बंद करण्याची तरतूद संजय गांधी निराधार अनुदान योजनेत नाही. तसे कोणी धमकावले तर 'हे लेखी द्या' एवढेच म्हणा. उत्पन्नाची मर्यादा मात्र आहे, आणि ती शासन निर्णयाने वेळोवेळी बदलत आलेली आहे. म्हणून ऐकीव आकड्यावर न विसंबता तहसील कार्यालयातील संगायो (संजय गांधी योजना) शाखेतून सध्याच्या निर्णयाची प्रत घ्या. मिळाली नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा, 30 दिवसांत उत्तर देणे त्यांना बंधनकारक आहे आणि दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क लागत नाही. चित्रांच्या पैशांची वही ठेवा आणि दाखल्यासाठी खरे तेच सांगा. पैसे लपवून घेतले की दर वेळी धास्ती वाटते, आणि धास्तावलेला माणूस दर मागू शकत नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016, जो 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे, त्याचे कलम 29 फारसे कोणी वाचत नाही. दिव्यांग कलावंत आणि लेखकांना सुविधा, साहाय्य आणि प्रायोजकत्व देण्यासाठी शासनाने उपाय योजावेत, असे त्यात म्हटले आहे. महानगरपालिकेनेही आपल्या अंदाजपत्रकातील 5 टक्के निधी दिव्यांगांच्या कल्याणासाठी राखून ठेवायचा असतो. त्यातून चित्रप्रदर्शनासाठी, रंगसाहित्यासाठी किंवा सार्वजनिक भिंती रंगवण्याच्या कामासाठी काय तरतूद आहे, हा प्रश्न तुमच्या संघटनेने आजवर विचारला आहे का? नसेल तर त्या बैठकीत तुम्ही मांडायची पहिली मागणी हीच असू द्या.

आता प्रकृतीविषयी. खांदेदुखी आणि दुपारनंतरचा थकवा तुम्ही पत्राच्या शेवटी एका वाक्यात उरकला आहे, पण मला तोच मजकूर सर्वांत काळजीचा वाटला. लहानपणी पोलिओ झालेल्या माणसांना 15 वर्षांनी, कधी कधी तर तीस-चाळीस वर्षांनी नव्याने अशक्तपणा, दुखणे आणि लवकर थकवा येऊ शकतो. वैद्यकशास्त्रात याची नोंद आहे. भारत 2014 मध्ये पोलिओमुक्त जाहीर झाला, त्यामुळे नव्या डॉक्टरांना असे रुग्ण क्वचितच भेटतात. म्हणून बालपणीच्या पोलिओचा उल्लेख तुम्ही स्वतः होऊन करा. कुबड्यांचा भार वर्षानुवर्षे खांद्यांवर पडल्यानेही असे होते, त्यामुळे अस्थिरोगतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट यांना दाखवल्याशिवाय 'वय झाले' असे ठरवून टाकू नका. जिद्दीने रेटून काम करणे, ज्याबद्दल तुम्हाला शाली मिळतात, ते या प्रकारच्या दुखण्यात अपाय करू शकते. चित्राचे काम सकाळी ठेवा, टॉवेल नंतर.

जिद्दीचा विषय निघाला म्हणून आणखी थोडे. बंगालचे चित्रकार विनोदबिहारी मुखर्जी यांची दृष्टी जन्मापासून अधू होती आणि पन्नाशी उलटल्यावर ती पूर्ण गेली. त्यानंतरही त्यांनी कागद कापून चित्रे केली आणि 1972 मध्ये शांतिनिकेतनात टाइल्सचे मोठे भित्तिचित्र केले. त्यांची गोष्ट सांगताना लोक मनोबलावर थांबतात, पण त्यांच्यापाशी शिकवण्याची नोकरी होती, कलाभवनासारखी संस्था होती आणि हाताशी विद्यार्थी होते. आपल्याच जिल्ह्यात, पंढरपुरात जन्मलेल्या चित्रकार एम. एफ. हुसेन यांनी मुंबईत सिनेमाचे फलक रंगवून पोट भरले, म्हणजे तेही मजुरी घेऊनच रंगवत होते. तेव्हा तुमच्या चित्रांचे पुढे काय होईल हे तुमच्या इच्छाशक्तीवर जितके अवलंबून आहे, तितकेच मिळणाऱ्या पैशावर, जागेवर आणि सोबतीवर अवलंबून आहे. उचलून नेण्याच्या बाबतीत तर संकोच सोडूनच द्या. आमंत्रण आले की आधी विचारा: कार्यक्रम कोणत्या मजल्यावर, लिफ्ट किंवा उतार आहे का, स्वच्छतागृह वापरता येईल का. उत्तर नाही असेल, तर येणार नाही असे कळवा आणि कारणही कळवा. तेही चळवळीचेच काम आहे. आणि दर वेळी कुबड्या आणि अश्रूच काढायला पाहिजेत असे नाही. मोर काढावेसे वाटले तर मोर काढा.

राहिल्या तुमच्या आई. त्यांचे म्हणणे कडू लागते, तरी त्यात वैर नाही. ज्या घरात आठवड्याच्या मजुरीवर किराणा ठरतो, तिथे न मोजता येणाऱ्या कामाची धास्ती वाटणारच. चित्रकला म्हणजे काय हे त्यांना पटवायला बसू नका. सकाळचे ठरावीक तास चित्रांचे, बाकीचे टॉवेलचे, आणि घरखर्चात अमुक रक्कम मी देणारच, असा सरळ करार करा आणि तो काही महिने चुकवू नका. पहिले मानधन आले की घराचा वाटा आधी त्यांच्या हाती द्या, आणि रंगांसाठी किती बाजूला ठेवले तेही वहीतून त्यांना वाचून दाखवा.

तुमची,
ताई