‘आमी काय खेयाले पाठोतो का त्याले?’

दिवाळी सरली की माझ्याकडे बालवाडीतल्या लेकरांचे आईबाप यायला लागतात. सणाला सगळे गावी जमलेले असतात. काका-आत्या पोरांना समोर बसवून पाढे म्हणवून घेतात. कुणाचं लेकरू एबीसीडी घडाघडा म्हणतं, कुणाचं आईच्या पदरामागे लपतं. लपणाऱ्याच्या आईबापाला मग आठ दिवस झोप नसते. कापूस विकून फी भरली, आणि पोरगं शाळेत नुसतं खेळून येतं, ही त्यांची तक्रार. ती अगदी खरी असते, कारण पैसा घामाचा असतो.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात मी समुपदेशन करते. ओळख पटू नये म्हणून या घरातले तपशील बदलले आहेत. लेकराला आपण गोलू म्हणू. वय साडेचार. त्याला डॉक्टरांनी माझ्याकडे पाठवलं होतं. रोज सकाळी शाळेच्या वेळेला पोट दुखायचं आणि वर्षभर कोरडं राहिलेलं अंथरूण पुन्हा ओलं व्हायला लागलं होतं. लघवीची तपासणी झाली होती, त्यात काही निघालं नव्हतं.

वडिलांनी खुर्चीवर बसायच्या आधीच पिशवीतून वही काढून माझ्यासमोर टाकली. पानं कोरी. मधेच कुठे रंगांचे गोळे, कुठे गवताच्या काड्या चिकटवलेल्या.

‘पाहा मॅडम. दुसरं वर्स आहे शायेत. त्याचा चुलतभाऊ याच्याच वयाचा, कॉन्व्हेंटात जाते, शंभरलोक लिहिते. याले अजून ‘अ’ येत नाई. आमी काय खेयाले पाठोतो का त्याले?’

आमच्याकडे कुठल्याही इंग्रजी शाळेला कॉन्व्हेंट म्हणतात. चुलतभावाच्या शाळेचा चर्चशी काडीचा संबंध नव्हता. गोलूची बालवाडी मात्र खरोखरच चर्चच्या आवारातली, तिथल्याच दोन-तीन बायकांनी चालवलेली. आईने मुद्दाम ती निवडली होती. बाई मारत नाहीत, रडलं तर जवळ घेतात, एवढं तिला पुरेसं होतं. आता तिला घरात त्याच निवडीचं ऐकून घ्यावं लागत होतं.

मी विचारलं, दिवाळीपासून घरी काय बदललं? आईने नवऱ्याकडे पाहिलं आणि सांगितलं. रोज संध्याकाळी जेवणाआधी पाटी. ‘अ’ गिरवल्याशिवाय ताट नाही. चुकलं की पुसून पुन्हा. दोनदा पाठीत धपाटाही बसला होता. पोटदुखीचं कारण मला तिथेच मिळालं, पण तसं लगेच बोलून दाखवलं असतं तर वडील उठून गेले असते. असे वडील वाईट नसतात. स्वतः नववीत शाळा सोडलेली असते आणि पोराने ती चूक करू नये म्हणून जीव टाकत असतात.

गोलूपुढे मी चिंचोके, ओल्या मातीचा गोळा, कागद आणि खडू ठेवले आणि आईबापांशीच बोलत राहिले. (चिंचोके, मणी अशा वस्तू तीन वर्षांच्या आतल्या लेकराच्या हाती देऊ नका, ती तोंडात आणि नाकात जातात.) थोड्या वेळाने तो खाली बसला. चिंचोक्यांचे मोठे आणि बारके असे दोन ढीग केले. ‘मला सात दे’ म्हटल्यावर एकेकाला बोट लावत सात मोजून दिले. कागदावर गोल काढला, अधिकचं चिन्ह काढलं. चौकोन काढायला गेला तर कोपरे गोल झाले. मातीचा बैल केला आणि त्याला शिंगं लावताना तान्ह्या पोळ्याला त्याच्या लाकडी बैलाला कुणी किती पैसे दिले ते सांगितलं. वाक्यं पूर्ण, गोष्ट सुसंगत. वयाप्रमाणे हे सगळं ठीक होतं. गोल साधारण तिसऱ्या वर्षी जमतो, अधिकचं चिन्ह चौथ्याच्या आसपास, चौकोन त्यानंतर आणि त्रिकोण पाचव्याच्या पुढे. ‘अ’ मध्ये वळण आहे, काना आहे, जोडणी आहे. ज्याचा चौकोन अजून गोल होतो त्याच्याकडून रोज ‘अ’ मागणं म्हणजे त्याला रोज नापास करणं.

हाताचंही सांगितलं. मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मतः ती हाडं नसतातच, मऊ कूर्चा असते. चौथ्या वर्षापर्यंत त्यातली साधारण निम्मी हाडं तयार झालेली असतात, बाकीची पुढच्या काही वर्षांत होतात. पेन्सिल तीन बोटांत नीट धरण्याची पकडही पाच-सहाच्या सुमाराला पक्की होते. वडील ऐकत होते, पण पटल्यासारखं दिसत नव्हतं. पटवलं ते सोबत आलेल्या आजोबांनी. ते तोवर दाराशी गप्प बसले होते.

‘गोऱ्ह्याले कोनी वखराले जुपते का? खांद सुजते त्याची. मंग तो जल्मभर जू पाहून पयते.’

यापेक्षा नेमकं मला सांगता आलं नसतं. मी फक्त पोटदुखीकडे बोट दाखवलं.

पुढच्या आठवड्यात आईबापांच्या परवानगीने, आईला सोबत घेऊन मी ती बालवाडी बघायला गेले. ‘खेळातून शिक्षण’ अशी पाटी हल्ली कुणीही लावतं. मोबाईलवर बडबडगीतं लावून द्यायची आणि मावशींनी भिंतीला टेकून बसायचं, असली ठिकाणंही मी पाहिली आहेत, आणि तिथे पालकांचा राग अगदी रास्त असतो.

इथे एका कोपऱ्यात बाजार भरला होता. खोटा तराजू, मातीची वांगी, जुन्या तिकिटांचे पैसे. गोलू दुकानदार. ‘पाव किलो घे नं बाई, कवळी आहेत’ असं तो हुबेहूब आमच्या आठवडी बाजारासारखं बोलत होता. टीचर गिऱ्हाईक होऊन जमिनीवर बसल्या होत्या. त्यांनी तराजूच्या एका पारड्यात दोन वांगी टाकली आणि विचारलं, आता हे खाली का गेलं? चार लेकरांनी चार कारणं सांगितली. टीचरांनी एकालाही चूक म्हटलं नाही, म्हणाल्या, करून बघू. मग वजन, कमी-जास्त, आपली पाळी येईपर्यंत थांबणं, नव्या शब्दांची वाक्यं हे सगळं ओळीने होत गेलं. त्यातलं वहीत काही उमटणार नव्हतं.

थोड्या वेळाने हरवलेल्या मेंढराची गोष्ट झाली. बायबलमधली ही गोष्ट साधी आहे: शंभर मेंढरं, त्यातलं एक चुकतं, मेंढपाळ नव्याण्णव ठेवून त्या एकाच्या मागे जातो. आमच्या भागात पिकं निघाली की काठेवाडी लोक जनावरांचे कळप घेऊन उतरतात, त्यामुळे मेंढपाळ कोण हे लेकरांना सांगावं लागलं नाही. टीचरांनी कापसाचं मेंढरू आधीच लपवून ठेवलं होतं. ‘टेबलाखाली आहे का? कपाटामागे? डब्याच्या आत?’ लेकरं धावत होती आणि खाली, मागे, आत, वर, जवळ हे शब्द अंगाने शिकत होती. पुढे पहिलीत बेरजेच्या गणितात आणि ओळीवर लिहिताना याच शब्दांवर सगळं अडतं. मेंढरू सापडलं ते नेमकं एका रडव्या, नवीन आलेल्या मुलीला. ते तिच्यासाठीच तिथे ठेवलं होतं, हे मला नंतर टीचरांनी हसत सांगितलं.

दोन पोरांची ठोकळ्यांवरून मारामारी झाली तीही पाहिली. टीचरांनी ‘सॉरी म्हण’ म्हटलं नाही. दोघांच्या मधे बसल्या, ज्याला लागलं त्याचा हात चोळला, आणि दुसऱ्याला विचारलं, तुला काय बांधायचं होतं? मला एखादी बालवाडी पारखायची असली तर मी भिंतीवरची चित्रं बघत नाही, रडणाऱ्या आणि मारणाऱ्या लेकराशी मोठं माणूस कसं वागतं ते बघते. शिवाय संडास.

परत आल्यावर वडील म्हणाले, हे सगळं इंग्रजांचं फॅड आहे. मी त्यांना ताराबाई मोडकांचं सांगितलं. त्या काही वर्षं आपल्या अमरावतीत राहिलेल्या. पुढे त्यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात बोर्डीला 1945 मध्ये गरिबांच्या लेकरांसाठी बालशिक्षणाचं काम सुरू केलं, नंतर अनुताई वाघांसोबत कोसबाडला आदिवासी पाड्यांत नेलं. महागडी साधनं नकोत, शंख-शिंपले, बिया, काड्या, पानं चालतील आणि शाळा लेकरांच्या अंगणातच भरेल, ही त्यांची रीत. आपल्या अंगणवाडीचं मूळ तिथे आहे. त्याच्याही आधी, 1837 मध्ये, जर्मनीत फ्रेडरिक फ्रोबेल या पाद्र्याच्या मुलाने लहान लेकरांसाठी खेळाची शाळा काढली, तिलाच पुढे किंडरगार्टन म्हणू लागले. आणि आता सरकारही तेच म्हणतं. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षं हा पायाभूत टप्पा आहे, आणि 2022 मध्ये आलेल्या त्याच्या आराखड्यात शिकवण्याची मुख्य पद्धत खेळ हीच धरली आहे.

‘मंग पयलीत घेतानी परीक्षा घेतीन तं?’ हा त्यांचा पुढचा प्रश्न. मला वाटतं खरी भीती हीच होती. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 13 प्रमाणे शाळेला प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाचणी घेता येत नाही. कुणी घेतलीच तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करायची. हे ऐकून त्यांचे खांदे जरा सैल झाले.

एकदा चुलतभाऊही सोबत आला होता. शंभरपर्यंत अंक त्याने झरझर लिहिले, अक्षर सुरेख. मग त्याच चिंचोक्यांतले नऊ मागितले तर मूठभर उचलून दिले. गोलूच्या वडिलांना ते बघून बरं वाटलं, तेव्हा मात्र मी त्यांना थांबवलं. त्या पोराची यात काही चूक नव्हती. नऊ लिहिण्याआधी त्याच्या हाती नऊ वस्तू कुणी दिल्याच नव्हत्या.

आजीची काळजी वेगळी होती आणि ती त्यांनी सगळ्यात शेवटी, आवाज खाली करून सांगितली. ‘थे येशूची प्रार्थना शिकोतात. उद्या पोट्टं बाटलं तं?’

हा प्रश्न मला गावोगाव ऐकू येतो आणि विचारणाऱ्याला हसण्यासारखं त्यात काही नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद 28 मध्ये लिहिलं आहे की सरकारी मान्यता असलेल्या किंवा सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत कुणालाही त्याच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही, आणि मूल अल्पवयीन असेल तर ती संमती पालकाची लागते. बऱ्याच छोट्या बालवाड्यांना अशी मान्यता नसते, पण विचारायचं तेच विचारा: प्रार्थना केव्हा होते, गोष्टी कुठल्या सांगता, आम्ही नको म्हटलं तर लेकरू त्या वेळात काय करेल? हे प्रवेशाच्या दिवशीच, न लाजता विचारायचं. या बालवाडीतल्या टीचरांनी आडपडदा ठेवला नाही. डबा उघडण्याआधी अन्नाबद्दल देवाचे आभार मानतो, बायबलच्या गोष्टी सांगतो, नाताळ करतो, आणि पोळ्याला बैलही सजवतो, असं त्यांनी सरळ सांगितलं. जी शाळा या प्रश्नावर गोलगोल बोलते तिच्यापासून मी पालकांना सावध करते, मग ती कुठल्याही धर्माच्या माणसांनी चालवलेली असो. आजीला मी एवढंच विचारलं की तुम्ही जेवणाआधी त्याच्याकडून श्लोक म्हणवून घेता, तो म्हणतो का? म्हणतो, त्या म्हणाल्या, पण काळजी काही गेली नाही. ती माझ्या दोन वाक्यांनी जावी अशी अपेक्षाही नव्हती.

घरासाठी ठरलं ते फार थोडं. पाटी बंद. जेवण कुठल्याही अटीशिवाय. अंथरुणाबद्दल एक शब्दही नाही. तुरीच्या शेंगा आल्या होत्या, तर संध्याकाळी आजीसोबत बसून सोले काढायचे. त्या शेंगा फोडताना अंगठा आणि पहिल्या बोटाला जो व्यायाम होतो तो गिरवण्याने होत नाही. पोळ्या होताना कणकेचा गोळा त्याच्या हाती द्यायचा. आजीला भुलाबाईची गाणी तोंडपाठ होती. ती म्हणायची, आणि झाकलेला डबा वाजवून आत खाऊ काय आहे ते ओळखायला लावायचं, भुलाबाईत पोरी ओळखतात तसंच. कान असे तयार झाले की अक्षरांचे आवाज वेगळे काढणं सोपं जातं. वडिलांना काम हवं होतं, म्हणून त्यांच्याकडे रोज रात्री एक गोष्ट ऐकायची, सांगायची नाही, असं दिलं. त्यांना तेच सगळ्यात जड गेलं.

पोटदुखी आधी थांबली, अंथरूण कोरडं व्हायला जास्त दिवस लागले.

प्रत्येक कोरी वही अशी निर्धास्त सोडून देण्यासारखी नसते, हेही सांगायला हवं. चार वर्षांचं लेकरू परक्याला कळेल अशी वाक्यं बोलत नसेल, हाक मारली तर वळत नसेल, खोटाखोटा स्वयंपाक किंवा दुकान असं काही खेळतच नसेल, किंवा आधी येत असलेलं आता करेनासं झालं असेल, तर थांबू नका. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, त्यांना दाखवा. तिथून जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात, आणि ते मोफत आहे.

जूनमध्ये वडिलांचा फोन आला. गोलूने दारावर खडूने स्वतःचं नाव लिहिलं होतं, त्यातला ‘ग’ उलटा. तो दुरुस्त करू का, एवढंच विचारायचं होतं. सहा-सात वर्षांपर्यंत अक्षरं उलटी पडतात, राहू द्या, म्हटलं. बालवाडीच्या नव्या वर्षाच्या अर्जावर प्रार्थनेच्या संमतीपुढे त्यांनी आजीच्या आग्रहाने ‘नाही’ लिहिलं. टीचर ‘ठीक आहे’ म्हणाल्या. त्या वेळात गोलू सगळ्यांचे डबे मांडतो.